पाणी बाटते कशाने?

श्रावण लागला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठराविक बातमी येते. गावाचे नाव तेवढे बदलते. ‘अमुक गावात गॅस्ट्रोची साथ, इतक्यांना लागण, परिस्थिती आटोक्यात.’ आपल्या ग्रंथालयात खेळाचे पान मुले आधीच पळवतात, आम्हा मुलींच्या वाट्याला आतली पाने उरतात. म्हणून अशा बातम्या मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि वाचून पान उलटलेही आहे. गेल्या पावसाळ्यात त्या जागी माझ्या गावाचे नाव होते. बातमी नऊ ओळींची होती. त्या दिवशी मला पान उलटता आले नाही.

‘गॅस्ट्रो’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यातून पोट बिघडले एवढेच कळते. पटकीचे जंतू होते, आमांशाचे होते की आणखी कसले, हे त्यात नाही. आणि ते पोटात कोणत्या वाटेने गेले, हे तर मुळीच नाही. हे जंतू आकाशातून पडत नाहीत. ते माणसाच्या विष्ठेतून निघतात आणि पिण्याच्या पाण्यातून पुन्हा माणसाच्या तोंडी लागतात. म्हणजे स्पष्ट बोलायचे तर गावाने गावाची घाण प्यायलेली असते. हे छापायला बरे दिसत नाही, म्हणून गॅस्ट्रो!

आमच्या गावात पहिल्या दिवशी खालच्या आळीतली चार माणसे पडली. तिसऱ्या दिवशी प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या भरल्या. ज्या फळ्यावर मी बाराखडी गिरवली, त्याच्या वरच्या खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या लटकत होत्या. आमच्या शेजारची आजी तालुक्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. चहा सोडून तिला बरीच वर्षे झाली होती. आपल्या नळाचे पाणी गोड आहे, ते असताना दुसरे काय प्यायचे, असे ती म्हणायची.

गावात लगेच शोध सुरू झाला. कशाचा? पाण्याचा नव्हे, माणसाचा. आदल्या आठवड्यात एका घरी तेराव्याचे जेवण झाले होते, तेव्हा आधी आचाऱ्यावर आळ आला. पण जे जेवायला गेलेच नव्हते तेही पडू लागले. मग वरच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, खालच्या आळीला मुळी स्वच्छताच माहीत नाही. शेवटी चावडीपुढे माणसे जमली तेव्हा सर्वांचे एकमत झाले, की दोष पाणी सोडणाऱ्याचा. कोणीतरी मोठ्याने म्हणालेही, “ह्येच्यामुळं माणूस गेलं.”

हा पाणी सोडणारा म्हणजे माझे वडील.

आबा ग्रामपंचायतीचे शिपाई आहेत. कागदोपत्री त्यांना ‘जलसुरक्षक’ असे भारदस्त नाव आहे. मानधन मात्र त्या नावाला शोभेसे नाही. ते चौथी शिकले. पहाटे उठून विहिरीवरची मोटर सुरू करायची, टाकी भरायची, बादलीत टी.सी.एल. पावडर कालवायची, चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी टाकीत ओतायचे, तासाभराने व्हॉल्व्ह फिरवून आळीआळीला पाणी सोडायचे, हा त्यांचा क्रम. त्यांच्या हातांना कायम त्या पावडरीचा वास येतो. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांच्या हातांना तसा वास येतो.

त्या रात्री मी त्यांना विचारले, “पावडर टाकली होती ना?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन दिस न्हवती टाकली. पोतं दगड झालं हुतं.” पोते उन्हाळ्याआधी आलेले. कचेरीच्या ओल धरलेल्या कोपऱ्यात तोंड उघडे पडून होते. ही पावडर हवा आणि दमट लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो तो चुना. नवे पोते मागितले होते, आले नव्हते. शिवाय ज्या दिवशी पावडर नीट पडे त्या दिवशी लोक भांडायला येत : पाण्याला औषधाचा वास येतोय, चहा फाटतोय, हात आखडता घे की जरा! हात आखडला की गाव खूष असे.

आबांची चूक नव्हती असे मी लिहिणार नाही. मुलगी म्हणून तसे लिहावेसे वाटते. पण दोन दिवस पावडर पडली नाही हे खरे आहे आणि त्यांनी ते कोणाला लिहून कळवले नाही हेही खरे आहे. माझे म्हणणे निराळे आहे. साथ आली की आपण माणूस शोधतो आणि माणूस सापडला की पाण्याचा शोध थांबतो. ही सवय फार जुनी आहे.

आमची आजी पटकीच्या साथीच्या गोष्टी सांगते. तिने त्या तिच्या सासूकडून ऐकल्या. गावात पटकी शिरली की कोणाच्या तरी हातून काही आगळीक झाली आणि मरीआई कोपली, असे ठरे. मग देवीचा गाडा सजवून, वाजतगाजत ओढत नेऊन शिवेपलीकडे ठेवायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर ढकलायचा. विहीर होती तिथेच, तशीच राही. चावडीवरचा प्रकार ऐकून आजी म्हणाली, “तवा गाड्यात देवीला बसवत हुते, आता तुज्या बापाला बसवलं.”

आपणांस वाटेल, हे आमच्या खेड्यातले अडाणीपण झाले. मलाही तसेच वाटले होते. सुट्टी संपवून आल्यावर ग्रंथालयात मी लंडनची हकीकत वाचली. १८५४ साली त्या शहराच्या सोहो भागात कॉलरा झाला आणि ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेंवर माणसे गेली. तिथल्या शहाण्यासुरत्या लोकांचे मत होते, की हा रोग दुर्गंधीच्या हवेतून येतो आणि गोरगरिबांच्या गलिच्छ राहणीमुळे पसरतो. डॉ. जॉन स्नो यांना ते पटले नाही. त्यांनी घरोघर एकच प्रश्न विचारला : तुम्ही पाणी कुठले पिता? मेलेल्या माणसांची घरे त्यांनी नकाशावर मांडली. ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटली होती. जवळच्या बियरच्या कारखान्यात सत्तरांवर कामगार, पण तिथे कोणी दगावले नाही. ते कारखान्यातली बियर पीत आणि त्या पंपाकडे फिरकत नसत. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा गेली. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेई. हे वाचले आणि आमची शेजारची आजी डोळ्यांपुढे आली.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, एवढे बहुतेक पुस्तकांत असते. तोवर लोक घरेदारे सोडून पळाले होते आणि साथ उतरणीला लागली होती. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटला. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले धर्मोपदेशक स्नोंचे म्हणणे खोडून काढण्यासाठी चौकशीला निघाले आणि त्यांनाच पुरावा सापडला. पंपासमोरच्या घरात एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. आईने दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले. त्या खड्ड्याच्या विटा ढासळल्या होत्या आणि विहीर तिथून तीन फूटही दूर नव्हती. आता, दोष कोणाचा? बाळाचा? आईचा? तिने घाण पाणी घाण टाकण्याच्या जागीच टाकले होते. दोष त्या ढासळलेल्या भिंतीचा होता. भिंतीला शिव्या देऊन कोणाचे समाधान होत नाही, हीच अडचण आहे.

जर्मनीतले हॅम्बुर्ग आणि आल्टोना यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दोन्ही शहरे लागून, एकाच एल्बे नदीचे पाणी पिणारी. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेले पाणी उचलणारे. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून गाळून देई, हॅम्बुर्ग तसेच देई. १८९२ च्या साथीत हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना जवळजवळ सुखरूप राहिले. दोहोंकडे माणसे सारखीच होती. फरक वाळूचा होता.

हे सारे वाचताना मला राहून राहून महाड आठवत होते. इतिहास विषय घेतला म्हणून नव्हे. ‘पाणी बाटले’ हा आपल्या भाषेतला शब्द मनात घोळत होता म्हणून. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. माणसे पाणी प्यायली, एवढ्याने ते तळे बाटले! मग त्याची शुद्धी करण्यात आली. ती कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. शेण ओतून पाणी शुद्ध झाले असे मानणारा समाज पाण्याकडे कधी पाहतच नव्हता. तो पाहत होता पिणाऱ्याकडे. विटाळ, शिवाशिव, सोवळे, ओवळे... माणसामुळे पाणी बिघडते हे सांगायला आपल्याकडे शब्दांची केवढी समृद्धी आहे! आणि गटारामुळे पाणी बिघडते हे सांगायला? ‘दूषित’. तोही सरकारी कागदावरचा. आमच्या गावात तो कोणी बोलत नाही. ‘खालच्या आळीला स्वच्छता माहीत नाही’ हे वाक्य मात्र सर्वांच्या तोंडी सहज येते, आणि ते कोणत्या मुशीतून निघाले हे मी सांगायला नको.

शहरे यातून सुटली आहेत असेही कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला माणसांच्या हातापायांतले बळ एकाएकी जाऊ लागले. गुलेन-बारी सिंड्रोम हे त्या आजाराचे नाव; त्यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. दोनशेच्या आसपास रुग्ण झाले, काही दगावले. कित्येकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा आतड्यांचा जंतू सापडला. तिथेही कोंबडीच्या मटणाला बोल लागला. नजरा पाण्याकडेही वळल्या. आणि मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत, जुलै २०२२ मध्ये कॉलरा झाला तेव्हा लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. अशा वेळी ‘आदिवासींमध्ये जागृती नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नळाला पाणी नसेल तर जागृत माणसाने काय प्यावे, हे त्यांनी सांगावे.

साथीनंतर आमच्या गावातही जागृती झाली. भित्तिपत्रके लागली : पाणी उकळून प्या, हात धुवा. सल्ला चांगला आहे. कोण नाही म्हणेल? पण माझ्या आईने ते पत्रक वाचून घेतले आणि विचारले, “उकळायचं कशावर?” सिलिंडर पुरवून वापरायचा, सरपण पावसात भिजलेले, घरात सहा माणसे, शिवाय रानात न्यायची कळशी वेगळी. सार्वजनिक टाकीत जे काम बादलीभर औषधाने व्हायचे ते आता गावातल्या प्रत्येक चुलीवर, प्रत्येक बाईने, रोज करायचे! आणि एखाद्या दिवशी तिच्याकडून राहिले की दोष पुन्हा तिचाच.

आई पाणी फडक्याने गाळते. जुन्या लुगड्याचा तुकडा, दुहेरी करून. त्याला मी हसत असे. पुढे वाचले, की रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात हाच प्रयोग केला. जुनी साडी निदान चौपदरी करून तळ्यानदीचे पाणी गाळायला लावले, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. त्यांचा निबंध २००३ चा आहे. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात, ते जीव कापडात अडकतात. आईला सांगितले, दोन पदर आणखी घाल. पण गटाराचे पाणी थेट नळात शिरले तर लुगडे काय करील? सुटे जंतू त्यातून सहज पार होतात.

एक गोष्ट मात्र घरातल्या माणसाच्या हाती खरोखरच आहे आणि ती प्रत्येकाला यावी. १९७१ च्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा झाला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ, सोडा यांचे पाणी पिंपांतून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चाराच्या खाली आले. आतडे साखर आत घेताना मीठही ओढून घेते आणि मिठामागे पाणी जाते. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. आमच्या शेजारच्या आजीला गाडीची वाट पाहताना तीन तास कोणी पाण्याचा घोट दिला नाही. पाणी दिले की जुलाब वाढतात, अशी समजूत! मी घरी असते तर, असे मनात येते. असो.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गावाचा नकाशा काढला आणि ज्या घरात कोणी आजारी पडले त्यावर लाल ठिपका दिला. घरोघर जाऊन विचारले. काहींनी दार लावून घेतले, कारण मी कोणाची मुलगी हे सर्वांना ठाऊक. तरी ठिपके भरले. वरच्या आळीत तुरळक. मारुतीच्या देवळापासून ओढ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत एकावर एक. टाकी तर सर्वांची एकच! नुसत्या पावडरीचा प्रश्न असता तर ठिपके गावभर पडायला हवे होते.

नकाशा आबांपुढे धरला. त्यांनी बोट ठेवले ते नेमके गल्लीच्या तोंडाशी. “हितं व्हॉलचा खड्डा हाय. गटार फुटलंय त्येच्यात.” त्यांना ते माहीत होते! पाणी दिवसाआड तासभर येते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि रिकाम्या पाइपच्या फटीतून खड्ड्यातले गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात घरोघर नळाला टिल्लू मोटारी लावलेल्या. त्या पाण्याबरोबर घाणही खेचतात. निम्म्या नळांना तोट्या नाहीत. दाब कमी म्हणून नळ खड्ड्यात घेतलेले, ते खड्डे पावसात तुडुंब. (टिल्लू आमच्या चुलत्यांकडेही आहे. मी बोलले तर घरात भांडण झाले.) साथीच्या वेळी आरोग्यसेविकेने तपासणीच्या छोट्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. टाकीजवळची जशीच्या तशी राहिली आणि या गल्लीतली दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली, हे तिच्याकडूनच कळले. विष्ठेतले जंतू असले की ती काळी पडते. तिने ते वर कळवले होते. चावडीपुढे मात्र त्या काळ्या बाटलीचे नाव कोणी काढले नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या वेळीही हिरवे कार्ड लावलेले होते, म्हणजे आमचे पाणी निर्धोक!

२०१९ पासून घरोघर नळ देण्याची मोठी योजना चालू झाली आणि आमच्याकडेही नळ आले. त्याबद्दल कृतज्ञता आहे; डोक्यावरची घागर उतरली. पण नळ किती दिले हे मोजणे सोपे आहे. शेवटच्या नळाला रोज क्लोरीन पोचतो का, हे मोजायला एक काचेची नळी आणि ओ.टी.चे दोन थेंब लागतात. पाणी पिवळे झाले की समजायचे. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर होते, कारण तो जवळ असतो. ती गल्लीच्या टोकाच्या नळावर व्हावी, आणि निकाल तारखेसह चावडीच्या फळ्यावर लिहावा. पोते कधी आले, कधी संपले, कोणी मागितले, कोणी दिले नाही, तेही लिहावे. म्हणजे पुढच्या साथीत चावडीपुढे जमणाऱ्यांना फळा तरी वाचता येईल.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या तरी खेड्यात जाते. आपण रस्ता झाडतो, झाडे लावतो, शेवटच्या दिवशी पथनाट्यातून गावकऱ्यांना हात धुवायला शिकवतो. यंदा त्याऐवजी शंभर घरांच्या शेवटच्या नळावर ती काचेची नळी का धरू नये? आणि सुरुवात महाविद्यालयापासून का करू नये? गच्चीवरच्या टाकीचे झाकण अर्धे तुटले आहे, हे तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला दिसते. टाकी शेवटची कधी धुतली, असे मी शिपाईमामांना विचारले. ते म्हणाले, “तू पहिलीच विचारणारी.” हे वाक्य संपादक मंडळ ठेवील अशी आशा आहे. यात शिपाईमामांवर रोष नाही. तसा तो कोणी धरला तर माझा लेख फुकट गेला म्हणायचे.

गावच्या खड्ड्याबद्दल आम्ही अर्ज केला. आबांनी आजवर सारे तोंडी सांगितले होते. तोंडी सांगितलेले कचेरीत उरत नाही. अर्ज मी लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. ‘वेळोवेळी तोंडी कळविले होते’ या वाक्यावर त्यांनी थांबवले. “तारखा घाल,” म्हणाले. तारखा त्यांना पाठ होत्या. मी घातल्या. मग म्हणाले, “दोन दिस पावडर टाकली न्हाई, त्येबी लिव्ह.” मी म्हटले, “आबा, त्यावरूनच तुम्हाला काढतील.” ते म्हणाले, “लिव्ह.”

लिहिले. शिक्क्याची पोच आमच्याकडे आहे. हा लेख देईपर्यंत उत्तर आलेले नाही आणि खड्डा तसाच आहे. मागच्या रविवारी पाणी सोडायच्या आधी आबांनी तो बादलीने उपसला, मी वरून बादली ओढून घेत होते. मग गल्लीच्या टोकाच्या नळावर जाऊन नळी भरली, दोन थेंब टाकले. फिकट पिवळी झाली.